शेरा : धुऊ नये

बुधवारी सकाळी फोन वाजला तेव्हा कामिनी जमिनीवर मांडी घालून पितळी अडकित्त्यांची रांग लावत होती. संग्रहालयाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. रविवारी वर्धापनाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं, आणि कायम संग्रहातून निवडलेल्या एकशे चाळीस वस्तूंपैकी जेमतेम नव्वद काचेआड गेल्या होत्या. फोन घ्यायला तिला वेळ नव्हता. तरी तिनं घेतला. पुढचे चार दिवस तिला सारखं वाटत राहिलं, की नसता घेतला तर बरं झालं असतं. अर्थात न घेतल्यानं काही वाचलं असतं अशातला भाग नाही, पण घाबरलेलं माणूस फोनवरसुद्धा राग काढतं.

"मॅडम, मी प्रशिक बोलून राहिलो, इंदोऱ्याहून. तुम्ही आमच्या आजीले पत्रिका पाठवली ना, जयवंताबाईले. तिचं लुगडं आहे तुमच्याकडं."

"हो, हो! पांढरं लुगडं. येताय ना सगळे?"

"येतो ना. म्या हिंगण्याले कंपनीत सुट्टी पण टाकून देली. आजी रोज इचारते, किती दिवस राहिले म्हणून. तिचं एकच म्हणणं आहे मॅडम. पदराचा तो डाग दिसंल असं ठेवा म्हणते. बाकी लुगडं घडीत राहिलं तरी चालते. तिले तेवढाच पाहाचा आहे. अठ्ठ्याऐंशी वर्सांची झाली ना, आता पुन्हा काही येणं होणार नाही तिचं."

"ठेवते," कामिनी म्हणाली. "दिसेल असं ठेवते."

फोन बंद करून तिनं हातातला अडकित्ता खाली ठेवला. डाग कोणता ते तिला विचारायची गरज नव्हती. सोमवारी तिनं स्वतःच्या हातांनी तो धुऊन काढला होता.

धुतला तोही अगदी शास्त्रशुद्ध. आधी जाळी पांघरून मऊ ब्रशनं धूळ काढली. मग ओल्या कापसाचा बोळा त्या डागाच्या कडेला टेकवून पाहिला. बोटभर लांबीचा, तपकिरी डाग. ट्रंकेचा गंज लागला असेल, असं ती अंजनाबाईला म्हणाली होती. अंजनाबाई म्हणजे संग्रहालयातली जुनी मदतनीस. बोळ्याला रंग आला, तेव्हा कामिनीला चक्क आनंद झाला. "सुटतोय गं, सुटतोय!" असं म्हणत तिनं लुगडं सपाट ट्रेमध्ये पसरलं आणि रिठ्याचं पाणी सोडलं. तिसऱ्या पाण्याला पदर कोराकरकरीत झाला. दोघींनी ते पाणी मागच्या कण्हेरीला ओतून दिलं आणि वर चहा प्यायल्या.

आता ती उठली आणि कपाटातून जुनी नोंदवही काढली.

हे संग्रहालय धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्यात आहे. वामनराव नावाच्या एका शाळामास्तरानं ते उभं केलं. हा माणूस चाळीस वर्षं सायकलवर, एसटीवर, मिळेल त्या गाडीवर विदर्भभर हिंडला आणि लोकांनी वापरलेल्या वस्तू मागून आणत राहिला. प्रत्येक वस्तूची नोंद स्वतःच्या हातानं करायचा. नाव, गाव, देणाऱ्याचं नाव, लांबी-रुंदी, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. या शेऱ्यात गुरुजींची लेखणी सुटायची. वस्तू देणाऱ्या घरी जेवायला काय होतं, कुत्रं कसं अंगावर आलं, परतीची एसटी कशी चुकली, सगळं तिथं. सहा वर्षांपूर्वी सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायच्या ठरल्या, तेव्हा टाइप करणारी मुलगी रडकुंडीला आली होती. "शेरा सोडून दे," कामिनीनंच तिला सांगितलं होतं. "नंतर सवडीनं भरू." सरकारी, निमसरकारी आणि खासगी अशा कुठल्याच कचेरीत ही सवड आजवर कोणाला मिळालेली नाही. तेव्हापासून सगळं काम कॉम्प्युटरवरच्या यादीवरून चालायचं, आणि त्या यादीत शेऱ्याचा रकाना नव्हताच.

नोंद क्रमांक ४१२. तिनं पान शोधलं. गुरुजींचं अक्षर टपोरं होतं, वाचायला चष्मासुद्धा लागला नाही.

'पांढरे लुगडे. खापा. सूत जाड, घरच्या मागावर विणलेले. देणार : सौ. जयवंता. शेरा : पदरास डाग आहे. १९५६ साली दीक्षेच्या दिवशी या बाईने कपाळाचे कुंकू याच पदराने पुसले. तेव्हापासून पदर धुतलेला नाही. वस्तू म्हणजे हा डाग. लुगडे त्याच्यासोबत आले. धुऊ नये.'

'धुऊ नये' याखाली दोन रेघा होत्या.

कामिनीनं ते पान पुन्हा वाचलं, कुठे काही वेगळं लिहिलेलं निघतं का म्हणून. मग धावत आत जाऊन तिनं लुगडं उलगडलं, पदर खिडकीशी धरला, भिंगाखाली धरला. काही नव्हतं. तिचं काम चोख होतं, हीच तर पंचाईत होती. तिच्या टेबलावर 'अभिरक्षक' अशी पाटी होती. तिच्याकडे पाहवेना, म्हणून तिनं ती पालथी घातली.

आधी तिला भीती वाटली ती नोकरीची. मग दुपारपर्यंत ती भीती फारच लहान वाटायला लागली, कारण मागून मोठी आली होती. हे नागपूर आहे. इथं त्या दिवसाची वस्तू म्हणजे काय, हे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. आणि धुणारी कोण? कामिनी. घर काटोलकडचं, शेतीवाडीवालं, घरात देव्हारा, कपाळाला टिकली. लोक आडनाव विचारतील. आडनाव कळलं की 'चुकून' हा शब्द कोण ऐकून घेणार? मुद्दामच धुतलं म्हणतील. आणि तसं म्हणणाऱ्याला खोटं कसं पाडायचं, हे तिला स्वतःलाही सुचत नव्हतं.

त्या रात्री ती जेवली नाही. गुरुवारी फाटक वाजलं की ती खिडकीतून पाहायची, कोण आलं. पाहुण्यांना खुर्च्या किती ते विचारायला आलेल्या मंडपवाल्यालाही ती घाबरली. शेवटी शुक्रवारी तिला पेलवेना, तेव्हा ती मनोहररावांकडे गेली.

मनोहरराव संस्थेचे मानद सचिव होते. निवृत्त प्राचार्य, स्वभावानं भला माणूस, आणि भल्या माणसांना असतो तसा त्यांना गोंधळाचा फार तिटकारा. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"मी आणि अंजनाबाई. तिला डाग धुतला एवढंच माहीत आहे. कशाचा ते नाही."

"मग काहून घाबरून राहिली? झाकली मूठ सव्वा लाखाची. जुना फोटो आहे का?"

फोटो होता, पण लुगडं दोरीवर टाकून दुरून काढलेला. त्यात डाग म्हणजे एक ठिपका.

"तेवढा पुरे," मनोहरराव म्हणाले. "बोटभर कुंकू घे, जरा चहाचं पाणी लाव, जुनं दिसेल असं कर. अंदाजानं लावून दे. म्हातारी अठ्ठ्याऐंशीची, डोळे काय राहिले असतील? ती पाहील, समाधानानं घरी जाईल. आपलं प्रदर्शन होईल. कोणाचं काय वाईट होऊन राहिलं यात?"

"सर, पण ते..."

"खोटं आहे, मला कळतं. आणि खरं सांगून काय होईल तेही कळतं. उद्या फाटकाशी दोनशे लोक उभे राहिले, तर तू बोलशील त्यांच्याशी? मी नाही बोलू शकत. माझं वय नाही ते." मग ते हळूच म्हणाले, "मी तुझ्यासाठी सांगतो आहे, पोरी."

ते खरंच तिच्यासाठी सांगत होते. त्यामुळे नाही म्हणणं आणखी अवघड झालं. आणि खरं सांगायचं तर तिला नाही म्हणायचंच नव्हतं. मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून केलं, असं म्हणायला आता जागा झाली होती, आणि त्या जागेवर तिला जरा टेकायला मिळालं.

शनिवारी दुपारी तीन वाजता तिनं कामाच्या खोलीची कडी लावली. बाहेर अंजनाबाई काचा पुसत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. कामिनीनं घरच्या करंड्यातलं कुंकू पुडीत बांधून आणलं होतं. बशीत थोडं घेतलं, तिळाच्या तेलाचा थेंब, चहाचं पाणी. जुन्या धोतराच्या तुकड्यावर तीन वेळा लावून पाहिलं. पहिल्यांदा फार लाल झालं, दुसऱ्यांदा मातकट. तिसऱ्यांदा अगदी हवं तसं जमलं. एवढ्या भीतीतही हात चांगला चालतो आहे, याचं तिला नवल वाटलं आणि थोडी किळसही आली.

मग तिनं पदर टेबलावर पसरला. अनामिका बशीत बुडवली आणि पदराकडे नेली.

संक्रांत होऊन दहा दिवस झाले होते. या दहा दिवसांत तिनं घरी आणि शेजारीपाजारी मिळून पन्नासेक बायकांना हळदीकुंकू लावलं असेल. बोट आपोआप त्याच वळणानं निघालं. तेच बोट, तसंच किंचित वर उचललेलं मनगट. पदरापासून दोन बोटं अंतरावर ते थांबलं.

मी हिला कुंकू लावते आहे, असं तिच्या मनात आलं. जयवंताबाईंनी ते सगळ्यांदेखत पुसून टाकलं होतं. आणि मी कडी लावून, चोरून, ते पुन्हा तिला लावते आहे. धुतलं ते तरी नकळत झालं. हे मला पूर्ण कळतंय.

बुधवारपासून ती लोकांना भीत होती. आता तिला तिच्या स्वतःच्या बोटाची भीती वाटली. तिनं हात मागे घेतला, बशी मोरीत धुतली, बोट साबणानं दोनदा धुतलं आणि लुगडं घडी करून पेटीत ठेवलं. पत्रिकेच्या यादीवर इंदोऱ्याचा पत्ता होता. तिनं स्कूटर काढली. आत्ता गेले नाही, तर पुन्हा जायचं धैर्य होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

वाटेत प्रत्येक सिग्नलला ती मनात म्हणत होती, घरी नसोत. कुठे लग्नाला गेलेले असोत. इंदोऱ्याच्या गल्लीत शिरताना कोपऱ्यावर सात-आठ माणसं उभी दिसली आणि तिचे हात हँडलवर घट्ट झाले. ती माणसं नळाच्या पाइपलाइनवरून भांडत होती. तिच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

घर लगेच सापडलं. ओट्यावर उन्हाच्या शेवटच्या तुकड्यात एक म्हातारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. अंगानं वाळलेली, पण पाठ ताठ. शेजारी कंपनीच्या निळ्या शर्टातला तिशीचा माणूस मोटरसायकल पुसत होता. तो प्रशिक.

"आजी, मी संग्रहालयातून आले. कामिनी."

"ये वं माय, ये! पाय रे प्रशिक, मॅडम सोता घरी आली. बस. पानी आन." म्हातारीचा चेहरा उजळला. "उद्याच्याचं सांगाले आली व्हय?"

पाणी आलं. कामिनीनं पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. वाटेत तिनं चार वाक्यं ठरवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"आजी, तो डाग गेला," ती म्हणाली. "पदराचा. मी धुतला. मला माहीत नव्हतं तो कशाचा आहे. वहीत लिहिलं होतं, पण मी वही पाहिली नाही. सोमवारी धुतला. माझी चूक आहे."

शेंगा सोलणारे हात थांबले. प्रशिकनं फडकं खाली टाकलं.

"धुतला? म्हंजे?" तो जवळ आला. "म्हंजे काय मॅडम? वहीत लिहून होतं, अन तुम्ही पाहिलं नाही? तुमाले वाचता येत नाही का? सत्तर वर्सं जपलं ते! आमच्या घरात ट्रंक उघडाले लहान लेकरांले मनाई होती. तुमाले सांभाळाले देलं, तं तुम्ही धुऊन टाकलं?" त्यानं खिशातून मोबाइल काढला. "थांबा. मी आत्ता पोरं बोलावतो. उद्या कसं होते तुमचं प्रदर्शन, तेच पाहू."

कोपऱ्यावरच्या भांडणाचे आवाज इथपर्यंत येत होते. ती माणसं इकडे वळली तर, एवढंच कामिनीला सुचत होतं.

"ठेव तो फोन," म्हातारी म्हणाली.

"आजी, पन..."

"ठेव म्हणलं ना. बस खाली."

तो बसला नाही, पण फोन खिशात गेला. जयवंताबाईंनी विचारलं, "पूरा गेला?"

"पूर्ण."

"जरासाक बी नाई राहिला?"

"नाही, आजी."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही. कामिनीला वाटलं, ही आता ओरडली, हिनं मारलं, तर फार बरं होईल. पण त्या बोलायला लागल्या त्या वेगळंच.

"मी अठरा वर्सांची होती. आमी खाप्याहून बैलबंडीत आलो. सासरा, सासू, माहा मालक अन मी. लुगडं त्यायनंच इनलं होतं, मालकानं. तथी मानूस मावे ना. शपथ झाली, अन बाजूची एक बाई म्हणे, पुस वं, आता काहून ठेवतं. म्या पदरानं पुसून टाकलं. तवा काईच नाई वाटलं. भेव लागलं ते घरी आल्यावर." त्यांनी एक शेंग उचलली आणि पुन्हा टाकली. "नवरा जिता असून कुकू पुसलं, म्हणत लोकं. आता पाय म्हणत, सालभरात काय होते तं. सासू रडे. धू म्हणे तो पदर, धुतलं का दोष जाते. मी तं रातच्यानं उठून मालकाच्या नाकापाशी हात धरो. दम चालू आहे का नाई, म्हणून. सा महिने तसं केलं पोरी. एवढी भेली होती मी."

"मग धुतलं का नाही?" कामिनीनं विचारलं. विचारून झाल्यावर तिला आपलीच लाज वाटली.

"धुतलं असतं तं मी भेली, असं झालं असतं ना," म्हातारी म्हणाली. "भेत होती, पन धुतलं नाई. तो त्याच्यानंतर बेचाळीस वर्सं जगला. तुमच्या गुरुजीले लुगडं देलं, तवा सायकलीवर त्यानंच नेऊन देलं. मले उद्या तेवढंच पाहाचं होतं का, माहं भेव केवढंसं होतं."

प्रशिक भिंतीकडे तोंड करून उभा होता. हे त्यानंही कधी ऐकलं नसावं.

"मला काय करता येईल ते सांगा," कामिनी म्हणाली. "लुगडं मांडू नका म्हणालात तर नाही मांडत. परत हवं असेल तर..."

"मांड. काहून नाई मांडाचं?" म्हातारीचा आवाज एकदम कडक झाला. "अन खाली लिही. डाग होता, कशाचा होता, कोनाचा होता. अन कोनं धुतला, कवा धुतला, तेबी लिही."

"माझं नाव?"

"मंग काय माहं लिहितं? माहं तं आहेच तथी."

कामिनीनं मान हलवली. परतताना कोपऱ्यावरची माणसं पांगली होती, पण भीती गेली नव्हती. उलट आता तिला तारीख आणि वेळ मिळाली होती. रविवार, सकाळी साडेदहा.

रविवारी आठ वाजता तिनं पाटी छापून काचेत लावली. नऊ वाजता मनोहररावांनी ती वाचली आणि ते खुर्चीत बसले.

"हात दाखवून अवलक्षण," ते म्हणाले. "कामिनी, काढ ती. निदान नाव तरी काढ. 'संग्रहालयाच्या अनवधानाने' असं लिही. संस्थेवर येऊ दे, एकटीच्या अंगावर काहून घेऊन राहिली?"

"त्यांनी सांगितलंय, सर."

"परवा विश्वस्तांची बैठक आहे. तिथं मी काय बोलू? मी तुला वाचवू शकणार नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. ते खोटं धैर्य होतं. ती सकाळपासून दोनदा ओकली होती.

साडेदहाला फीत कापली गेली, भाषणं झाली, लोक आत आले. कामिनी तिसऱ्या दालनाच्या खांबाजवळ, मागच्या दारालगत उभी राहिली. त्या दारातून सरळ स्कूटरपर्यंत जाता येत होतं. तिनं ते मुद्दाम पाहून ठेवलं होतं, लाज वाटत असूनही.

जयवंताबाई आल्या. पांढरी साडी, प्रशिकचा हात धरलेला, मागे वस्तीतली वीसेक माणसं, बाया, पोरं. गर्दीनं आपण होऊन वाट दिली. प्रशिकनं त्यांना काचेपाशी नेलं. आत पदर सपाट पसरलेला होता, पांढरा स्वच्छ.

"वाच," म्हातारी म्हणाली.

प्रशिक मोठ्यानं वाचायला लागला.

"'नोंद क्रमांक ४१२. जयवंताबाईंचं लुगडं, खापा. १९५६ साली दीक्षेच्या दिवशी त्यांनी कपाळाचं कुंकू या पदरानं पुसलं. नवरा मरेल अशी भीती लोकांनी घातली, त्याही घाबरल्या, पण त्यांनी पदर धुतला नाही. तो डाग जवळजवळ सत्तर वर्षं...'" तो अडखळला, वाक्य सोडून पुढे गेला. "'या वर्षी १९ जानेवारीला तो डाग या संग्रहालयात धुतला गेला. नोंदवहीत धुऊ नये असं लिहिलं होतं. ती न वाचता तो धुणारी...'"

तो थांबला. त्यानं पुढचं नाव पाहिलं. मग त्यानं ते वाचलं, आडनावासकट.

मागून एका माणसाचा आवाज आला, "कोण आहे हे कामिनी? कुठं आहे? पुढं आना तिले!" दुसरा म्हणाला, "धुतलं म्हंजे? असं कसं धुतलं?" कोणीतरी मोबाइल वर धरला. गर्दी हलली. पलीकडून मनोहरराव तिच्याकडे पाहत होते. त्यांनी अगदी बारीक मान हलवली. जा, असं ते सांगत होते. दाराचा कडीकोयंडा तिच्या पाठीला टोचत होता.

"मी," कामिनी म्हणाली. ते कोणाला ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, "मी आहे. मी धुतला."

सगळी तोंडं तिच्याकडे वळली. ती खांबापासून निघाली. काच दहा-बारा पावलांवर होती, आणि दर पावलाला तिला वाटत होतं, आता कोणीतरी हात धरेल. एका बाईनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की ती नजर ती आयुष्यभर विसरणार नव्हती. पण हात कोणी धरला नाही, कारण म्हातारी तिची वाट पाहत काचेला धरून उभी होती.

"इकडं ये वं," जयवंताबाई म्हणाल्या. "मले दिसत नाई नीट. कुठी होता, दाखव."

कामिनीनं काचेवर बोट ठेवलं.

"नाई. तथी नाई," म्हातारी म्हणाली. "वर घे. काठाकडं. अजून जरा. हं, आता तिरपं."

कामिनी बोट सरकवत गेली. सोमवारी तिनं तो डाग भिंगातून पाहिला होता, तरी जागा तिच्या लक्षात राहिली नव्हती. म्हातारीला बोटाच्या पेरापर्यंत ठाऊक होती.

"हं. तथीच."

मागचे लोक पुढे सरकले आणि माना वाकवून त्या जागेकडे पाहायला लागले. जयवंताबाईंनी कपाळ काचेजवळ नेलं आणि पाहत राहिल्या. त्यांचं पाहून होईपर्यंत कामिनीनं बोट हलवलं नाही.